खिडकीची काच घेताना कोटेशनवर कोणता आकडा पाहायचा?

घराच्या खिडक्या नव्याने करायच्या ठरल्या की फॅब्रिकेटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काच सिंगल लावायची की डबल?" डबल महाग, म्हणजे डबल चांगली असणार, असं धरून बरेच जण तिथेच होकार देतात. आपल्या हवेत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी विचारायला हवं ते हे, की या खिडकीवर ऊन कोणत्या दिशेने आणि किती वाजता येतं, आणि त्या उन्हातली किती उष्णता काच आत सोडते. त्याचं उत्तर देणारा आकडा काच बनवणाऱ्या कंपन्या माहितीपत्रकात छापतात, पण घरगुती कामाच्या कोटेशनवर तो फारसा उतरत नाही. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागायचा तर त्याचा अर्थ ठाऊक हवा.

उष्णता आत येण्याच्या दोन वाटा

काचेतून उष्णता दोन वेगळ्या वाटांनी घरात शिरते. पहिली वाट थेट उन्हाची. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४५ टक्के असतो, न दिसणारे अवरक्त किरण साधारण ५० टक्के आणि उरलेले थोडे अतिनील. साधी काच यातलं बहुतेक सगळं आत सोडते. मग फरशी, सोफा, भिंत हे ऊन शोषून तापतात आणि स्वतः उष्णता फेकू लागतात. गंमत अशी, की तापलेल्या फरशीची ही उष्णता फार लांब तरंगलांबीची असते आणि तिला काच आरपार जाऊ देत नाही. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते त्याचं एक कारण हे, दुसरं म्हणजे तापलेली हवा आतच कोंडते.

दुसरी वाट तापमानातल्या फरकाची. बाहेर ४० अंश आणि एसी लावलेल्या खोलीत २६ अंश असतील तर काचेवर उन्हाचा कवडसाही नसताना उष्णता आत झिरपत राहते, अगदी रात्रीसुद्धा.

पहिल्या वाटेच्या मापाला एसएचजीसी (सोलर हीट गेन कोइफिशंट) म्हणतात. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता शेवटी खोलीत पोचते, ते ० आणि १ यांच्यामधल्या आकड्यात सांगतात. सहा मिलिमीटरच्या साध्या काचेचा हा आकडा साधारण ०.८२ असतो, म्हणजे १०० वॅट ऊन पडलं तर ८२ वॅट आत. दुसऱ्या वाटेचं माप यू-व्हॅल्यू. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात, ते ती सांगते. साध्या काचेत ती सुमारे ५.८ असते. आपल्यासाठी हे दोन्ही आकडे जितके लहान तितके बरे. तिसरा आकडा व्हीएलटी, म्हणजे उजेड किती टक्के आत येतो. हा मात्र फार लहान होऊन चालत नाही.

एकाच खिडकीचा हिशोब

आता यातले पहिले दोन आकडे एका खऱ्या खिडकीला लावून पाहू. चार फूट बाय पाच फूट, पश्चिमेकडे तोंड, वर छज्जा नाही. क्षेत्रफळ १.८६ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास अशा उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरायला हरकत नाही. बाहेर ४०, आत २६.

साधी सिंगल काच असेल तर उन्हातून ९१५ वॅट आणि तापमानाच्या फरकातून १५१ वॅट, मिळून १,०६६ वॅट उष्णता आत येते. खोलीत हजार वॅटचा हीटर चालू ठेवायचा आणि वर एसी लावायचा, असा हा प्रकार आहे.

तिथेच साधी डबल काच लावली, म्हणजे सहा मिलिमीटरच्या दोन पारदर्शक काचा आणि मध्ये बारा मिलिमीटर पोकळी. हिची यू-व्हॅल्यू २.८ पर्यंत उतरते, म्हणजे निम्म्यावर येते. एसएचजीसी मात्र ०.८२ वरून जेमतेम ०.७० होतो. आता उन्हातून ७८० आणि फरकातून ७३, मिळून ८५३ वॅट. एवढा खर्च करून सुटका झाली ती एक पंचमांश उष्णतेपासून.

आता तिसरा पर्याय. काच एकच, पण ऊन परतवणारा लेप दिलेली, एसएचजीसी ०.४०. यू-व्हॅल्यू साध्या काचेइतकीच, ५.८ धरू. उन्हातून ४४६, फरकातून तेच १५१, एकूण ५९७ वॅट. म्हणजे लेपाची एकेरी काच बिनलेपाच्या दुहेरी काचेपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली.

आणि चौथा, या दोन्हींचा संगम. दुहेरी काच, आत ऊन रोखणारा लो-ई (लो एमिसिव्हिटी, म्हणजे उष्णतेची किरणं कमी फेकणारा) लेप, एसएचजीसी ०.२८, यू-व्हॅल्यू १.७. एकूण ३५६ वॅट, पहिल्या काचेच्या एक तृतीयांश.

या चार आकड्यांत सगळं आलं. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा थेट उन्हाचा आहे आणि नुसती काचेची संख्या वाढवून तो फारसा हटत नाही. बाल्कनीचं आठ बाय सात फुटी सरकतं दार घेतलं तर चित्र आणखी ठळक होतं. साध्या काचेतून नुसत्या उन्हाचे अडीच हजार वॅट आत येतात. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जवळपास पाऊण टन एसी केवळ त्या दारासाठी राबतो.

लो-ई म्हणजे काय, आणि त्या शब्दावर का थांबू नये

काचेचे कारखाने वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवत सपाट करतात, म्हणून तिला फ्लोट काच म्हणतात. आपल्याकडे तळोज्यालाही अशा काचेचा कारखाना आहे. ऊन रोखणाऱ्या लो-ई लेपासाठी या काचेवर निर्वात कक्षात चांदीचा थर चढवला जातो. तो इतका पातळ असतो, की त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. चांदीतून प्रकाश बराचसा पार होतो, पण अवरक्त किरण मागे फिरतात. थर एक, दोन किंवा तीन असू शकतात. थर वाढले की उजेड तेवढाच ठेवून उष्णता अधिक अडवता येते.

दुहेरी काचेच्या पोकळीतून उष्णता पलीकडे जाते त्यातली निम्म्याहून अधिक किरणांच्या रूपाने जाते, एका काचेकडून समोरच्या काचेकडे. साधी काच अशी किरणं सहज फेकते. चांदीचा लेप असलेली बाजू जवळजवळ फेकतच नाही. म्हणून लेप दिल्यावर यू-व्हॅल्यू २.८ वरून १.७ च्या आसपास येते. पोकळीत हवेऐवजी आरगॉन वायू भरला की आणखी थोडी उतरते.

पण सावध राहायचं ते इथेच. बाजारात लो-ई नावाने दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या काचा मिळतात. एक थंड देशांसाठी बनलेली. ती घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, पण ऊन मात्र मुक्तपणे आत घेते, कारण तिथे हिवाळ्यात ते हवंच असतं. तिचा एसएचजीसी ०.६ किंवा ०.७ सुद्धा असू शकतो. दुसरी ऊन रोखणारी, आपल्या कामाची. विक्रेता "लो-ई आहे, साहेब" म्हणाला तर त्याचं म्हणणं खरं असूनही काच चुकीची निघू शकते. म्हणून नावावर थांबू नये, एसएचजीसी विचारावा.

टोरांटो किंवा न्यू जर्सीतले नातेवाईक व्हिडिओ कॉलवर सल्ला देतात तेव्हाही हे ध्यानात ठेवावं. त्यांच्याकडे सहा महिने घर गरम ठेवायचं असतं, तेव्हा यू-व्हॅल्यूला पहिला मान देणं तिथे बरोबरच आहे. शिवाय अमेरिकी पत्रकांतली यू-व्हॅल्यू वेगळ्या एककात असते. तिथला ०.३० आपल्या मापाने १.७ होतो, कारण ५.६८ ने गुणावं लागतं. दोन देशांची पत्रकं शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडच्या काही पत्रकांत एसएचजीसीऐवजी सोलर फॅक्टर किंवा जी-व्हॅल्यू लिहिलेली असते. व्यवहारात ती जवळपास तीच समजावी. शेडिंग कोइफिशंट लिहिलेला असेल तर त्याला ०.८७ ने गुणलं की एसएचजीसी मिळतो.

काळी काच, मर्क्युरी काच आणि फिल्म

गडद रंगाची काच डोळ्यांना थंड वाटते, पण ती उष्णता परतवत नाही, स्वतःत शोषून घेते. तापते आणि त्यातला बराच भाग आत सोडते. सहा मिलिमीटरच्या रंगीत काचेचा एसएचजीसी ०.६ च्या आसपास राहतो. दुपारी तिच्याशेजारी बसून पाहा, गालाला झळ लागते. रंगीतच घ्यायची असेल तर काळ्या किंवा तपकिरी काचेपेक्षा हिरवी बरी. तेवढीच उष्णता अडवून ती उजेड जास्त देते.

आरशासारखी चमकणारी, दुकानात मर्क्युरी म्हणून मिळणारी काच ऊन चांगलं परतवते. तिचा तोटा उजेडात आहे. अनेक जातींत जेमतेम वीस-पंचवीस टक्के प्रकाश आत येतो आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही हे खरं असलं, तरी रात्री घरात दिवे लागले की नेमकं उलटं होतं. खासगीपणासाठी ही काच घेणाऱ्यांनी पडदाही लावायचाच आहे, हे आधीच धरून चालावं.

उजेड फार कमी करू नये, हे सरकारी नियमावलीतही आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोची निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली. तिच्यात भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेचा व्हीएलटी किमान २७ टक्के हवा, असं म्हटलं आहे. खिडक्या मोठ्या होत गेल्या की ही अट सैल होते. माझ्या मते घरात पन्नासच्या आसपास असावा. मुलं खिडकीशी बसून वाचतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अंधूक खोलीत ठेच लागते. उजेड ही घराची गरज आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेच्या जागी शिंपल्यांची पातळ तावदानं बसवत. त्यातून बाहेरचं दिसत नसे, पण खोलीभर मऊ उजेड पसरायचा.

उजेड हवा आणि उष्णता नको, तर मग दोन्ही टोकं गाठणारी काच मिळेल का? एका मर्यादेपर्यंतच. प्रकाश हीसुद्धा ऊर्जाच आहे, आणि सूर्याच्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास भाग प्रकाशाच्या रूपात येतो. प्रकाश आत आला की शेवटी त्याची उष्णता होतेच. त्यामुळे ७० टक्के उजेड देऊन फक्त १५ टक्के उष्णता सोडणारी पारदर्शक काच असूच शकत नाही. असे आकडे कोणी कागदावर लिहून दिले, तर त्यातला एक तरी चुकीचा आहे. ५० टक्के उजेड आणि ०.२८ ते ०.३२ एसएचजीसी ही आज खरोखर मिळणारी, चांगली जोडी आहे.

काचेवर चिकटवायच्या फिल्मच्या दुकानात एक प्रयोग दाखवतात. लाकडी खोका, आत पिवळा कडक दिवा, पुढे काचेचे दोन तुकडे, एक साधा आणि एक फिल्म लावलेला. आधी साध्या काचेमागे हात धरायला सांगतात, चटका बसतो. मग फिल्मच्या काचेमागे धरायला सांगतात, काहीच जाणवत नाही. शेजारच्या मीटरवर "९५ टक्के हीट कट" असं काहीतरी येतं. प्रयोगात लबाडी नसते, पण तो दिवा म्हणजे सूर्य नाही. असे दिवे आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत टाकतात आणि फिल्म अवरक्त रोखण्यात तरबेज असते. खऱ्या उन्हातला प्रकाशाचा हिस्सा त्या फिल्ममधून आत येणारच. शिवाय इन्फ्रारेड रिजेक्शनची टक्केवारी बऱ्याचदा अवरक्ताच्या एका अरुंद पट्ट्यापुरतीच मोजलेली असते. म्हणून फिल्मच्या पत्रकात एकूण सौरऊर्जा किती रोखली, म्हणजे टीएसईआर, तेवढंच पाहावं. टीएसईआर ५५ टक्के असेल तर एसएचजीसी ०.४५.

एवढं सांगूनही, जुन्या खिडक्या बदलायच्या नसतील किंवा घर भाड्याचं असेल, तर चांगली फिल्म हा शहाणपणाचा खर्च आहे. फक्त साध्या, न टफन केलेल्या (म्हणजे तापवून मजबूत न केलेल्या) जाड किंवा रंगीत काचेवर उष्णता शोषणारी गडद फिल्म लावू नये. काचेचा मधला भाग तापतो, फ्रेममध्ये दडलेल्या कडा गार राहतात आणि ताणाने काच तडकू शकते. दुहेरी काचेवर फिल्म लावायची असेल तर आधी फिल्मच्या कंपनीकडून त्या काचेला ती चालते का, हे लेखी घ्यावं.

दिशा पाहून काच

पूर्ण घराला एकच काच लावण्यात फॅब्रिकेटरची सोय असते, आपली नसते. पुणे, मुंबई, नाशिक, संभाजीनगर ही शहरं अठरा ते वीस अक्षांशांच्या दरम्यान आहेत, नागपूर एकविसाव्याच्या थोडं वर. इथे ऊन कसं फिरतं ते पाहिलं, की पैसे कुठे घालायचे हे कळतं.

दक्षिणेची खिडकी सांभाळायला सर्वांत सोपी. ऑक्टोबरच्या मध्यात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा अशा वेळी चार फूट उंचीची खिडकी जवळजवळ पूर्ण झाकतो. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांपर्यंत खाली उतरतो, तेव्हा तोच छज्जा वरचा निम्मा भाग झाकतो आणि खालून हिवाळ्याचं कोवळं ऊन आत येतं. मे-जूनमध्ये तर दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, दक्षिणेच्या काचेवर ऊन जवळपास येतच नाही. छज्जा नीट असेल तर इथे महागड्या काचेची गरज नाही.

पश्चिमेला छज्जा हतबल होतो. मे महिन्यात पावणेपाचच्या सुमारास सूर्य ३० अंशांवर आलेला असतो. तोच दोन फुटी छज्जा आता खिडकीचा वरचा फक्त एक-सव्वा फूट झाकतो, बाकी सगळी काच उन्हात. आणि त्याच वेळी हवा दिवसातली सर्वांत तापलेली असते, भिंती तापलेल्या असतात, माणसं घरी परतायला लागलेली असतात. चांगल्या काचेवर पैसे खर्च करायचे तर पहिले इथे. पूर्वेचं ऊन जोराला पश्चिमेइतकंच असलं तरी सकाळी हवा गार असते, त्यामुळे पूर्वेला मधला पर्याय पुरतो. उत्तरेला साधी काच चालते. मे आणि जूनमध्ये सूर्य पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे संध्याकाळी थोडं तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतही येतं, पण ते थोड्याच आठवड्यांचं असतं.

काचेवर ऊन पडूच न देणं हे कुठल्याही काचेपेक्षा जास्त प्रभावी आहे. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता काचेच्या अलीकडे आलेली असते. बाहेरची बांबूची चिक, लाकडी झडप किंवा बाल्कनीतली शेडनेट तिला बाहेरच थोपवते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या खिडक्यांवर भुवयांसारखे लांब आडवे छज्जे आहेत. सौंदर्य तर आहेच, पण ऊन आणि पाऊस या दोन्हींची समज त्यात आहे. आजच्या समुद्राभिमुख टॉवरांतून छज्जे गेले, जमिनीपासून छतापर्यंत काच आली. अशा घरात सगळा भार काचेवरच येतो, तेव्हा तिथे ऊन रोखणाऱ्या लो-ई दुहेरी काचेला पर्याय नाही असं मी म्हणेन.

विदर्भाची गोष्ट निराळी. तिथल्या कितीतरी घरांत उन्हाळा एसीवर नाही, कूलरवर निघतो. कूलर बाहेरची हवा ओढून गार करतो आणि ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायला वाट लागते. उघड्या खिडकीला यू-व्हॅल्यू कसली? अशा घरात दुहेरी काचेवर खर्च करणं मला पटत नाही. तेवढ्या पैशांत पश्चिमेच्या खिडक्यांवर चिका, वाळ्याच्या ताट्या आणि गच्चीवर पांढरा परावर्तक लेप होतो, आणि त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

जिथे रात्री खिडक्या उघडून झोपता येतं, तिथे खिडकी किती उघडते हाही काचेइतकाच मोठा प्रश्न आहे. दोन ट्रॅकची सरकती खिडकी निम्मीच उघडते, तीन पल्ल्यांची दोन तृतीयांश. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण, इको-निवास संहितेने ती ९० टक्के धरली आहे. जागेची अडचण नसेल तर शयनगृहात बिजागरीची घ्यावी. बंद केल्यावर ती गॅस्केटवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, घट्ट दाबली जाते. सरकत्या खिडकीत ब्रशच्या फटीतून हवा आणि धूळ येतच राहते.

फ्रेमबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनिअम उष्णता यूपीव्हीसीपेक्षा (कडक प्लास्टिकपेक्षा) शेकडो पट सहज वाहून नेतं, म्हणून एसीच्या खोलीत दुहेरी काच लावून तिला साधी ॲल्युमिनिअमची फ्रेम दिली तर फायद्याचा काही भाग कडेने निसटतो. यूपीव्हीसी किंवा मध्ये उष्णतारोधक पट्टी असलेलं ॲल्युमिनिअम त्यासाठीच असतं. आणखी एक, दुहेरी काच २४ मिलिमीटरपर्यंत जाड होते, जुन्या दोन ट्रॅकच्या सेक्शनमध्ये ती बसत नाही. वजनही दुप्पट होतं, तेव्हा चाकंही तशी लागतात.

बिल किती वाचेल?

प्रामाणिक हिशोब करू. वरच्याच चार बाय पाचच्या खिडकीवर उन्हाचे चार तास, दर चौरस मीटरला सरासरी ४५० वॅट धरले, तर साध्या काचेऐवजी ०.२८ ची काच लावून दिवसाला साधारण दोन युनिट उष्णता आत यायची थांबते. एसी एका युनिट विजेत साडेतीन-चार युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे विजेची बचत अर्ध्या ते पाऊण युनिटाची. युनिटला दहा रुपये धरले आणि उन्हाचे १२० दिवस, तर वर्षाला सहाशे ते नऊशे रुपये. एका खिडकीमागे एवढंच. धडधाकट खिडक्या केवळ बिलासाठी उपटून दुहेरी काच लावली तर पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील, आणि "बिल निम्मं होईल" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खिडक्या बदलायच्याच असतील किंवा घर नवं बांधत असाल, तर मात्र हिशोब फिरतो. तेव्हा आपण फक्त दोन काचांमधला फरक भरतो. मोठं सरकतं दार असेल तर दीड टनाऐवजी एक टनाचा एसी पुरू शकतो. आणि संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या खोलीत माणसाला बसवतं की नाही, हे बिलात दिसत नसलं तरी रोज जाणवतं. माझ्या दृष्टीने काच बदलण्याचं खरं कारण तेच आहे.

आवाज कमी व्हावा म्हणून डबल काच घेणाऱ्यांनी एवढं पाहावं, की सारख्या जाडीच्या दोन काचा आवाज अपेक्षेइतका अडवत नाहीत. जाडी वेगवेगळी ठेवावी किंवा एक काच लॅमिनेटेड घ्यावी. लॅमिनेटेड काचेतला प्लास्टिकचा थर अतिनील किरणही जवळजवळ पूर्ण रोखतो, त्यामुळे सोफा आणि पुस्तकांचे पुट्ठे कमी विटतात.

कोटेशनची ओळ आणि काच आल्यावरची तपासणी

बहुतेक कोटेशनांत काचेसाठी एवढंच लिहिलेलं असतं: "डीजीयू टफन ग्लास, २४ एमएम, हीट रिफ्लेक्टिव्ह." डीजीयू म्हणजे दुहेरी काच. यात उष्णतेबद्दल काहीही कळत नाही. ती ओळ अशी लिहून घ्यावी: "बाहेरची काच ६ मिमी टफन, ऊन रोखणारा लो-ई लेप दुसऱ्या पृष्ठावर, पोकळी १२ मिमी, आतली काच ६ मिमी टफन साधी, एसएचजीसी ०.३० किंवा कमी, व्हीएलटी ५० टक्क्यांच्या आसपास, यू-व्हॅल्यू १.८ किंवा कमी. काचेच्या कंपनीचं नाव आणि उत्पादनाचा कोड. सीलची वॉरंटी लेखी." पृष्ठं बाहेरून मोजतात. रस्त्याकडची बाजू पहिली, तिची पोकळीकडची दुसरी, आतल्या काचेची पोकळीकडची तिसरी आणि खोलीतली चौथी. उष्ण हवेत लेप दुसऱ्या पृष्ठावर हवा, म्हणजे तापलेली काच बाहेरची राहते. तीच काच उलटी बसली तर लेप तिसऱ्यावर येतो, आतली काच तापते आणि एसएचजीसी वाढतो.

चांदीचा हा लेप हवेत उघडा राहिला तर खराब होतो, म्हणून तो पोकळीतच बंद लागतो. पोकळीची कड दोन थरांनी सील केलेली असते आणि दोन काचांमधल्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. सील कुठे सुटलं तर ओल आत शिरते आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची ओल पाहता सीलची लेखी वॉरंटी ही मागायलाच हवी अशी गोष्ट आहे. मापं फ्रेम बसल्यावर पुन्हा घ्यायला लावावीत, कारण टफन केलेली काच नंतर एक मिलिमीटरही कापता येत नाही. सोसायटीत बाहेरून दिसणारा रंग बदलत असेल तर समितीची परवानगी आधी काढावी.

काच आली की एक सोपी तपासणी घरच्या घरी होते. काचेसमोर, थोड्या अंधाऱ्या जागी, लायटर किंवा मेणबत्ती धरा. दुहेरी काचेत चार ज्योती दिसतील, प्रत्येक पृष्ठाची एक. लेप असेल तर त्यातली एक ज्योत इतरांपेक्षा वेगळ्या रंगाची, किंचित लालसर किंवा जांभळट दिसते. चारही सारख्याच दिसल्या तर लेप नाही असं समजावं आणि विचारणा करावी. बाहेरच्या बाजूने पाहताना वेगळी ज्योत आपल्याकडून दुसरी असायला हवी, आतल्या बाजूने पाहताना तिसरी. टफन काचेच्या कोपऱ्यातली खूणही तेव्हाच पाहून घ्यावी. काच बीडिंगमध्ये (फ्रेमला काच धरून ठेवणाऱ्या पट्टीत) बसून सिलिकॉन सुकलं की ती काढून उलटी बसवायला फॅब्रिकेटर सहसा तयार होत नाही, म्हणून काचा खाली पार्किंगमध्ये उभ्या असतानाच हे सगळं उरकावं.